एकेचाळीस आत

भडगावच्या फुटबॉल संघाबद्दल आसपास जे काही बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे आणि उरलेलं निम्मं पाचोऱ्याच्या लोकांनी पसरवलेलं आहे. मी अभिमन शिंपी, त्या संघाचा चिटणीस. चिटणीस एवढ्याचसाठी, की अकरा सदरे मी शिवले. त्यातल्या एका सदऱ्याची डावी बाही चार बोटं लांब झाली, ती गोष्ट लोक अजून काढतात. कापड कमी पडलं असतं तर बाही आखूड झाली असती, लांब झाली म्हणजे शिंप्याचा हात सढळ होता, एवढं कुणाला सुचत नाही.

तर सदतीस सालच्या दिवाळीनंतर सुरू झालेला आणि अडतीसच्या संक्रांतीनंतर संपलेला तो हंगाम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. सात सामने. त्यातले सहा आम्ही हरलो, हे मी नाकारत नाही. पण सहाही सामने हरल्यावर आमचा एकुलता एक पाठीराखा गावाला गूळ वाटत होता, हे कुणी सांगत नाही. तो पाठीराखा म्हणजे हिलाल आबा.

हिलाल आबांनी बावीस वर्षं गावचा कोंडवाडा सांभाळला. ज्याचं ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरेल ते हाकत आणून कोंडवाड्यात घालायचं, आणि मग मालकाने मान खाली घालून ते सोडवायला यायचं, असा रिवाज. कोंडवाड्याच्या माणसाची सगळी इज्जत त्याच्या फाटकावर. जितकी ढोरं आत, तितका तो कर्तबगार. दिवसभरात एकही आत आलं नाही, तर लोक समजायचे की गडी झोपला होता. आबा तंबाखूच्या चुन्यात बोट भरून दर ढोरामागे आपल्या घराच्या दाराच्या चौकटीवर एक रेघ ओढत. एका हंगामात त्यांनी एकेचाळीस ढोरं आत घेतली होती. हा आकडा पंचक्रोशीत कुणी गाठला नव्हता. गाठायचा प्रयत्नही कुणी केला नव्हता, पण ते आबांना सांगायची कुणाची छाती?

तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले म्हणून आबांनी काम सोडलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याकडे बघत असत. रस्त्याने गाय गेली तरी हात शिवशिवायचे. मला त्यांची दया यायची, आणि दया आलेली त्यांना कळली तर काठी बसायची, म्हणून मी मान खाली घालून शिवण करत राहायचो. दुकान समोरच होतं.

आमचं मैदान म्हणजे गिरणाकाठचं पडीक रान. दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू, वर दोरी आणि मागे भोयांकडून मागून आणलेलं मासे धरायचं जुनं जाळं. एरंडोलच्या संघाबरोबर पहिला सामना होता. त्या दिवशी आबा आपल्या बांधावर काही कामाने आले आणि आमच्या गोलामागे येऊन उभे राहिले. त्यांना काय दिसलं? एक फाटक दिसलं. फाटकात मधोमध एक धिप्पाड गडी उभा दिसला, तो आमचा गोलकीपर लोटन. आणि एक उनाड, गरगर फिरणारी वस्तू दिसली, जिला एरंडोलची माणसं जीव तोडून आमच्या फाटकाकडे हाकत होती. खेळ समजावून सांगा असं आबा कुणाला म्हणालेच नाहीत. बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं?

आपली दहा पोरं मध्ये आडवी का येतात, एवढंच कोडं त्यांना पडलं. ते त्यांनी स्वतःच सोडवलं. ढोर दमल्याशिवाय फाटकात शिरत नाही, पोरं त्याला दमवतात.

त्या दिवशी एरंडोलने सहा गोल केले. प्रत्येक गोलाला आमची मान एकेक इंच खाली जात होती आणि मागे आबा टाळ्या वाजवत होते. सामना संपला तेव्हा आम्ही नदीकडे तोंड करून बसलो होतो. इतक्यात आबा घरून गुळाची ढेप घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने फोडून प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवू लागले.

"सहा ऊनात," सहा आत आले म्हणून खूश होऊन ते म्हणाले. "पहिलाच दिन, आनी सहा."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण आमचे ड्रिलमास्तर झुलाल मास्तर, ज्यांनी हा संघ उभा केला, त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. समोर बघितलं तर अकराजण गूळ चघळत होते आणि त्यांच्या तोंडावर जरा रंग येत होता. त्यांना आयुष्यात प्रथमच कुणी शाबासकी दिली होती. मी तोंड मिटलं, आणि मिटता मिटता एक गुळाचा खडा आत टाकला. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो मी कबूल करतो.

पाचोऱ्याला जायला आबांनी आपली गाडी जुंपली. तिथे आम्ही सात खाल्ले, पण आमच्या झिपरूने एक गोल केला. भडगावने केलेला तो पहिलाच गोल. आम्ही झिपरूला खांद्यावर घेतलं. आबांनी त्याला गाडीत घेतलं नाही. आपलं ढोर आपल्याच पायाने दुसऱ्याच्या कोंडवाड्यात घालणारा माणूस त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. झिपरू पाचोऱ्यापासून भडगावपर्यंत पाच कोस गाडीमागून चालत आला. त्यानंतर त्याने हंगामभर समोरच्या गोलाच्या दिशेने पाय केला नाही. आमच्या खेळाडूंना गोल करता येत नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आबांना कुणी सांगितलं नाही असंही नाही. झुलाल मास्तरांनी एकदा पाटीवर दोन गोल काढून सगळं समजावलं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मास्तर, तुमच्या हातून आजवर किती ढोरं आत गेली? मास्तर म्हणाले, एकही नाही. मग आबांनी नुसती पाटी परत दिली. जळगावहून निघणाऱ्या साप्ताहिकात सामन्यांचे निकाल येत. 'पाचोरा ७, भडगाव १' असं मी त्यांना वाचून दाखवलं. त्यावर आबांनी मलाच समजावलं की छापखान्यात खिळे उलटे लावतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. एखादा नवखा हात असला की गावांची नावंही उलटी पडायची. त्यांच्या दृष्टीने आम्ही सात आत घेतले होते आणि एक झिपरूच्या नादानपणाने घालवला होता.

असं करत चाळीसगावने पाच घातले, पारोळ्याने आठ, अमळनेरने नऊ. जळगावने सहा घातले. दर वेळी आबांनी घरी जाऊन दाराच्या चौकटीवर दुसऱ्या बाजूला चुन्याच्या तितक्या रेघा ओढल्या. जळगावच्या सामन्यानंतर रेघ ओढून झाल्यावर ते खाली बसले आणि दोन्ही बाजू मोजू लागले. एकीकडे त्यांची ढोरं एकेचाळीस. दुसरीकडे लोटनचे चेंडू, तेही एकेचाळीस.

आता लोटनचं सांगायला हवं. लोटन कापसाच्या जिनमध्ये कामाला होता. रुईच्या गाठी बांधायच्या आधी कापूस पायांनी तुडवावा लागतो, ते काम तो करायचा. मांड्या अशा की मी त्याची चड्डी शिवताना दोन माणसांचं माप धरायचो. एवढा माणूस गोलात उभा राहिला तर चेंडूला जायला वाटच उरू नये. पण आमच्या मैदानाला लागून धुणं धुवायचा घाट होता, आणि घाटावर हिलाल आबांची एकुलती एक मुलगी सुपडी धुणं आणायची. लोटनचं एक डोकं, त्याला दोन्हीकडे बघता येईना. बाहेरगावी घाट नव्हता, तर तिथे तो घाट नाही म्हणून उदास असायचा. एकेचाळीस गोलांचं कारण हे आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दिवाळीपूर्वी लोटनने माणूस घालून सुपडीला मागणी घातली होती. आबांनी ती उडवून लावली होती. कापूस तुडवणारा गडी, त्याच्या दारात शेळीसुद्धा उभी राहणार नाही, असं ते चारचौघांत म्हणाले होते. पण जळगावच्या सामन्यानंतर चौकटीच्या दोन्ही बाजू मोजून ते उठले ते थेट जिनच्या फाटकावर गेले. मला सोबत नेलं, साक्षीला. लोटन बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगभर रुई चिकटली होती.

"मन्हा एकेचाळीस, तुन्हा बी एकेचाळीस," आबा म्हणाले. "धुळावालास्ना एक जरी आत ऊना, तरी तठेच सुपारी फोडी टाकसू. मन्ही आंडेर तुन्ही."

लेक देतो म्हटल्यावर लोटन तिथेच खाली बसला. मला वाटलं आनंदाने बसला. एक गोल खाणं ही लोटनला जगातली सर्वांत सोपी गोष्ट होती.

पण दुसऱ्याच दिवशी झुलाल मास्तर खान्देशच्या फुटबॉल मंडळाचं पत्र घेऊन माझ्या दुकानात आले. जो संघ हंगामात एकही सामना जिंकणार नाही, त्याचं नाव पुढच्या वर्षी कमी होईल आणि मंडळाने दिलेला चेंडू परत घेतला जाईल, असा ठराव झाला होता. उरला होता तो एकच सामना, धुळ्याच्या पांझरा क्लबाबरोबर, आमच्याच मैदानावर. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. लोटनला सांग, म्हणाले, एकसुद्धा आत जाता कामा नये. मी म्हटलं, सांगतो. आणि मग चोळीचा खण घेऊन सुपडी दुकानात आली.

तिने कापड गल्ल्यावर ठेवलं आणि ती जाईना. मी माप विचारलं तर मागच्यासारखंच म्हणाली. आबांनी जिनच्या फाटकावर दिलेला शब्द तिला कळला होता. मी म्हटलं, चल, तुझं नशीब उघडलं. त्यावर ती माझ्यावर अशी भडकली की माझा दोरा सुईतून निघाला. बापाला खेळ कळत नसला तरी तिला पुरता कळत होता. हंगामभर घाटावरून तिने सगळं पाहिलं होतं, आणि घाटावरच्या साऱ्या बायकांनीही पाहिलं होतं. एकेक गोल झाला की त्या हिच्याकडे बघून धुणं आपटायच्या.

"अभिमन भाऊ, त्याले सांगा," ती म्हणाली. "एकेचाळीस आत लिसन हासत उभा राहणारा माले नको. धुळाना एक बी आत गया, तर मी नही म्हनसू. बाप काही बी सांगो."

आणि ती कापड तिथेच ठेवून निघून गेली.

संध्याकाळी लोटन आला. मी त्याला सगळं सांगितलं. बापाला एक तरी आत हवा, मुलीला एकही नको, आणि मास्तरांना सामना जिंकायचाय. लोटन दुकानाच्या पायरीवर बसला. मग विचारलं, अभिमन भाऊ, अर्धा गोल असतो का? मी म्हटलं, नसतो. तो म्हणाला, मग मी काय करू? खोटं कशाला बोलू, मला त्याच्यावर फार माया आली आणि मी त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण फुकट लावून दिलं.

धुळेकर आले ते एका मोटारीत आले. त्यांचे सदरे पिवळे, बाह्या सगळ्या एका मापाच्या. पंच म्हणून पाचोऱ्याचे एक रेल्वेतले गार्ड आले होते. त्यांच्याकडे खरी शिटी होती आणि घड्याळही. घाटावर बायका इतक्या जमल्या होत्या की धुण्याला दगड उरला नाही. सुपडी सगळ्यांत वरच्या पायरीवर कोरडंच धुणं घेऊन बसली होती. आबा लोटनच्या गोलामागे जाळ्याला खेटून उभे. हातात कोंडवाड्याची जुनी काठी, कमरेला लाल फडक्यात सुपारी.

शिटी झाली आणि धुळेकर आमच्यावर तुटून पडले. आणि मग मी जे पाहिलं ते लोटनने पूर्वी कधी केलं नव्हतं आणि नंतरही कधी केलं नाही. पहिला चेंडू त्याने छातीवर घेतला. दुसरा मुठीने परतवला. तिसऱ्याला तो आडवा पडला, आणि लोटन आडवा पडला की गोलाचं दारच लागलं. घाटावर बायका उभ्या राहिल्या. मास्तर चष्मा पुसत होते आणि घालायचं विसरत होते.

मागे आबांचा जीव कासावीस होत होता. आधी ते हळू आवाजात लोटनला समजावत होते. मग आवाज चढला. मग त्यांनी काठीने जाळं वर उचलून धरलं, म्हणजे निदान मागून तरी वाट राहील.

"दार काय तुन्हा बापनं शे का?" ते ओरडले. "येऊ दे ना आत."

लोटनने मागे वळून पाहिलं नाही. त्याचे डोळे भरले होते, हे मी कडेवरून बघत होतो. एक चेंडू बांबूला लागून परत आला तेव्हा तर आबांनी बांबूलाच दोन काठ्या हाणल्या. मध्यंतर झालं तेव्हा दोन्हीकडे शून्य होतं. आबांनी कमरेचं फडकं सोडलं, सुपारीकडे एकदा बघितलं आणि फडक्याला दुसरी गाठ मारली. मला म्हणाले की ज्याच्या दारातून सारं गाव उपाशी परत जातं, अशा घरी मी मुलगी देणार नाही. मी त्यांना लिमलेट दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तसे आबाही काठी टेकत लोटनच्या मागोमाग या टोकाहून त्या टोकाला गेले. घाट आता लोटनच्या उजव्या हाताला आला. त्याने तिकडे एकदाही पाहिलं नाही. धुळेकर दमले, चिडले, आमच्या पोरांच्या नडग्या फोडू लागले. समोर त्यांच्या गोलात त्यांचा गोलकीपर तासभर नुसता उभा राहून कंटाळला होता. झिपरूची दहशत त्याला कुणी सांगितली होती ती खोटी निघाली, कारण झिपरू त्याच्याकडे पाठ करूनच खेळत होता. शेवटी तो बांबूला टेकून शेंगा फोडत बसला.

गार्डसाहेबांनी घड्याळ बाहेर काढलं. तेवढ्यात धुळ्याने शेवटचा जोराचा टोला मारला आणि लोटनने तो दोन्ही हातांत पकडला. चेंडू छातीशी धरून तो उभा राहिला. मागे आबा म्हणत होते, टाक, आत टाक, अजून वेळ आहे. नुसता हात मागे सोडला असता तर सुपारी फुटली असती. लोटनने एकदा घाटाकडे पाहिलं. मग इतकी वर्षं कापूस तुडवलेल्या त्या पायाने, सगळा राग काढून, त्याने चेंडू हाणला.

चेंडू आमच्या डोक्यांवरून गेला, मास्तरांच्या डोक्यावरून गेला, नदीकडून वारा होता तो त्याला लागला. धुळ्याच्या गोलकीपरने वर पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडात शेंग होती. चेंडू त्याच्यापुढे एकदा आपटला, त्याच्या डोक्यावरून उडाला आणि भोयांच्या जाळ्यात जाऊन पडला. शिटी झाली. लगेच दुसरी लांब शिटी झाली. गार्डसाहेबांनी दोन्ही हात वर केले, सामना संपला. भडगाव एक, धुळे शून्य.

आम्ही नाचलो. मी स्वतः नाचलो. मास्तरांनी झिपरूला मिठी मारली, झिपरूने चुकून धुळ्याच्या एकाला मारली. आणि मग माझं लक्ष आबांकडे गेलं आणि माझे पाय थांबले.

आबांचं तोंड पांढरं पडलं होतं. आपलं ढोर, भर मैदानात, ज्याला जावई करायचा त्याच्याच पायाने, धुळ्याच्या कोंडवाड्यात गेलं होतं. लोटन त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, काठी उचलली आणि ज्या गुडघ्यांनी तीन वर्षांपूर्वी काम सोडायला लावलं होतं त्याच गुडघ्यांवर धावत सुटले.

धुळ्याचा गोलकीपर चेंडू हातात घेऊन उभा होता. आबा त्याच्यापुढे जाऊन थांबले.

"ते आम्हनं ढोर शे," ते म्हणाले. "सोड."

त्याने सोडलं. हातात काठी घेऊन धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याशी कोण वाद घालेल? आबांनी चेंडूला काठी लावली आणि हैक, हैक करत तो आमच्या गोलाकडे हाकायला सुरुवात केली. धुळेकरांना वाटलं, ही इथली काहीतरी रीत असेल. त्यांच्यातला एक आडदांड गडी गमतीने आडवा आला, आबांनी चेंडू त्याच्या डावीकडून काढला. दुसरा आला, त्याच्या दोन पायांमधून काढला. बावीस वर्षं बिथरलेल्या गोऱ्ह्यांना हाकलेला हात तो. तिसऱ्याला त्यांनी नुसती काठी दाखवली. आमच्या संघाने अख्ख्या हंगामात एवढा सुंदर खेळ केला नव्हता, आणि हे मी चिटणीस म्हणून सांगतो.

आबा गोलाच्या तोंडाशी आले. मध्ये लोटन. त्याने अडवलं तर सुपडीचा बाप हातचा गेला. आत जाऊ दिलं तर सुपडी म्हणाली होती, एक बी आत गया तर. सामना संपलाय हे त्याच्या ध्यानातच येईना. तो मला दिसत होता तसा मी त्याला दिसत होतो आणि मी ओरडतही होतो, पण त्याला ऐकू येत नव्हतं. त्याने घाटाकडे पाहिलं.

सुपडी पायरीवर उभी होती. तोंडाला पदर लावून ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने आपल्या बापाकडे पाहिलं, गुडघ्यांवर लंगडत, घामाने भिजलेल्या त्या म्हाताऱ्याकडे, आणि लोटनला हाताने खूण केली, दार उघड म्हणून.

लोटन बाजूला झाला. एवढंच नव्हे, त्याने एका हाताने वरची दोरी उचलून धरली, कोंडवाड्याचं फाटक धरतात तशी. आबांनी शेवटचा हलका टोला दिला. चेंडू आत गेला.

आबांनी काठी टाकली आणि तिथेच मटकन खाली बसले. मग कमरेच्या फडक्याच्या दोन्ही गाठी दातांनी सोडल्या, गोलाच्या बांबूशी पडलेला दगड घेतला आणि सुपारी फोडली. एकच आला, असं ते म्हणाले, पण कष्टाचा आला. गार्डसाहेबांनी मला विचारलं की हे काय चाललंय. मी म्हटलं, साखरपुडा. त्यांनी पुन्हा एकदा शिटी वाजवली.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकात छापून आलं, 'भडगाव १, धुळे ०'. आबांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले की छापखान्यातला नवखा माणूस अखेर काढलेला दिसतो. त्यांनी चौकटीवर बेचाळिसावी रेघ ओढली.

लग्न फाल्गुनात झालं. लोटनचं घर आबांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. तरी पाठवणीच्या वेळी आबा असे उभे होते जणू मुलगी मुलूख सोडून चाललीय. वऱ्हाडी हसत होते, मीही आधी हसत होतो. सुपडी उंबऱ्याबाहेर पडली. वाजंत्री कोपऱ्यावरून वळली तेव्हा आबांनी चौकटीवरची शेवटची रेघ अंगठ्याने घासली. घासूनही ती पुरती जाईना.

"एक गयी," ते मला म्हणाले. "आते एकेचाळीसच."

मी त्यांना खेळ समजावण्यातला माणूस नव्हे, आणि या वेळी समजावण्यासारखं काही नव्हतंही. मी दुकानात जाऊन मशीन चालवत बसलो. पुढचा दीड महिना आबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. मी चहा पाठवला की प्यायचे. संघ टिकला, चेंडू राहिला, पुढच्या हंगामाचे सदरे शिवायला आले. मी ते दाखवले तर त्यांनी नुसती मान हलवली.

मग आखाजी आली. आखाजीला खान्देशात सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते, झाडाझाडाला झोके बांधले जातात. आबा त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर नव्हतेच. ते दारात उभे होते, दोन पाय फाकून, दोन्ही हात चौकटीला लावून, अगदी लोटन गोलात उभा राहायचा तसे. मी सुईत दोरा ओवायचं सोडून बघत होतो.

कोपऱ्यावरून सुपडी आली. मागे लोटन, खांद्यावर तिचं बोचकं. तिने दुरूनच बापाला पाहिलं आणि ती धावायला लागली. आबांनी चौकटीवरचे हात काढले आणि बाजूला झाले. ती आत गेली. आबांनी चुन्याची डबी उघडली.

"बेचाळीस," ते म्हणाले, आणि रेघ ओढली.

मागून लोटन उंबऱ्याशी येऊन थांबला. जावई पहिल्या आखाजीला आलेला, त्याला वाटलं पाय धुवायला पाणी येईल. आबांनी पाण्याचं नाव काढलं नाही. त्यांनी पुन्हा बोट चुन्यात बुडवलं आणि त्याला आत यायची खूण केली.

"त्रेचाळीस."